आजीनं क्ष मानलाच नाही

"आजी, पण तू क्ष मानलाच नाहीस की!"

काल रंकाळ्यावरनं आलो तर लेक दहावीचं गणित घेऊन बसलेली. ३ मिसळ २ ताक ३४० रुपये, २ मिसळ ३ ताक २६० रुपये, एकेकाचा दर काढा. पोरगी इकडं ३नं गुण तिकडं २नं गुण करत पानभर खोडाखोड करतेय, आणि माझी आई शेजारी लसूण सोलत म्हणाली, अगं दोन्ही बिलं एकत्र कर की, ५ मिसळ ५ ताक ६००, म्हणजे जोडी १२० ची. आता वजा कर, मिसळ ताकापेक्षा ८० नं महाग. झालं, मिसळ १०० ताक २०.

हातातली पाकळी अजून सोलून झाली नव्हती!

पुस्तकातपण हीच रीत आहे, सहगुणकांची, म्हणजे इथल्या ३ आणि २ ची, अदलाबदल असली की बेरीज वजाबाकी करायची. आईची शाळा सातवीपर्यंतच, पण तिनं बाजार केलाय. १० किलो गूळ ५० नं आणि ३० किलो ६० नं घेतला तर सरासरी ५५ नाही, साडेसत्तावन्न, हे तिला कुणी शिकवलं नाही.

लेकीनं शेवटी क्ष आणि य घालून तेच परत वहीत उतरवलं, स्टेप्सला मार्क असतात म्हणून.

रात्रभर तेच डोक्यात. आधी आजीसारखं तोंडी आणि मग क्ष, असं शिकवलं तर पोरं गणिताला एवढी घाबरतील का ओ?