अल्टिमीटर उंची मोजतच नाही

घड्याळातल्या किंवा फोनमधल्या अल्टिमीटरवर, म्हणजे उंची दाखवणाऱ्या यंत्रावर, दिसणारी उंची अनेकदा मोजलेली नसते, हिशोबाने काढलेली असते. आतल्या सेन्सरला एकच गोष्ट कळते, ती म्हणजे आपल्यावर हवेचा दाब किती आहे. तो आकडा सूत्रात टाकला की मीटर मिळतात. सूत्रात खोट नाही, पण त्यात धरलेली हवा पुस्तकी असते : समुद्रसपाटीला १०१३.२५ हेक्टोपास्कल (हे दाबाचं एकक) दाब, १५ अंश तापमान आणि दर किलोमीटरला ६.५ अंशांनी घट. त्या दिवशीची खरी हवा अशी क्वचितच असते.

दाब म्हणजे डोक्यावरच्या हवेचं वजन, समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर एक किलोहून किंचित जास्त. वर चढलं की खाली राहिलेली हवा त्या वजनातून वजा होते. १६४८ साली फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या बहिणीचा नवरा फ्लोरँ पेरिए याने फ्रान्समधल्या प्वी द दोम डोंगरावर पाऱ्याची नळी नेली; हवेचा दाब कमी झाला की तिच्यातला पारा उतरतो. माथ्यावर पारा सुमारे साडेआठ सेंटिमीटर खाली आला. मला मात्र त्याची दुसरी नळी जास्त आवडते. ती पायथ्याशी ठेवून दिवसभर एका माणसाला तिच्यावर लक्ष ठेवायला बसवलं होतं, आणि तिच्यातला पारा हलला नाही. म्हणून तर पारा हवामानामुळे नाही, उंचीमुळे उतरला असं म्हणता आलं. आपल्या मनगटावर ही दुसरी नळी नसते.

हवा दाबली जाते, त्यामुळे तळाचे थर दाट आणि वरचे विरळ. म्हणून दाब सरळ रेषेत उतरत नाही. प्रमाण वातावरणात, म्हणजे वर सांगितलेल्या पुस्तकी हवेत, १००० मीटरवर ८९९ हेक्टोपास्कल, २००० वर ७९५, ३००० वर ७०१, ५००० वर ५४०, आणि साडेपाच हजारांच्या आसपास निम्मा. समुद्रसपाटीजवळ एक हेक्टोपास्कल कमी व्हायला ८.३ मीटर चढावं लागतं, ३००० मीटरवर सुमारे ११ आणि ५००० वर जवळजवळ १४. ‘दर १०० मीटरला १२ हेक्टोपास्कल’ हा आडाखा फक्त तळाशी चालतो. सेन्सरची तेवढीच बारीक चूक वर गेल्यावर जास्त मीटरांची होते, तीही याच कारणाने.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो ती जागा. हवामानाचं ॲप १००८ सांगतं आणि फोनचा सेन्सर ९०० दाखवतो, म्हणून सेन्सर बिघडला असं वाटतं. तो बिघडलेला नसतो. ॲपमधला दाब बहुधा समुद्रसपाटीवर आणून दाखवलेला असतो, म्हणजे तुमच्या पायाखाली समुद्रसपाटीपर्यंत हवाच असती तर तिथे किती दाब असता तो. वेगवेगळ्या उंचीवरच्या ठिकाणांची तुलना करायला हे लागतं. दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि उंची काढायला दोन्ही लागतात. आधी प्रत्यक्ष दाबाला समुद्रसपाटीच्या दाबाने भागा. आलेल्या संख्येचा ०.१९०३ वा घात काढा, तो १ मधून वजा करा आणि उत्तराला ४४३३० ने गुणा. ९०० आणि १००८ घेतले तर ९४६ मीटर येतात. १००८ ऐवजी पुस्तकातलं १०१३.२५ ठेवलं की तोच सेन्सर त्याच जागी ९८९ दाखवतो. एका जागी उभं राहून ४३ मीटरचा फरक.

जागेवर बसून राहिलं तरी आकडा सरकतो. उष्ण कटिबंधात वायुदाबाला रोजची भरती-ओहोटी असते : सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास दाब जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात दोनतीन हेक्टोपास्कल सहज उतरतात, म्हणजे एक पाऊलही न टाकता वीसेक मीटर चढ नोंदला जातो. वादळ जवळ येत असेल तर याहून बराच जास्त.

तापमानाची चूक मात्र उंचीच्या प्रमाणात वाढते. गरम हवा विरळ असते, तिच्यात तेवढंच चढलं तरी दाब कमी उतरतो, म्हणून यंत्र चढ कमी दाखवतं. थंडीत उलट : यंत्र जास्त दाखवतं आणि तुम्ही प्रत्यक्षात खाली असता. विमानाच्या दृष्टीने हीच चूक धोक्याची. ढोबळ हिशोब असा, की दर १० अंशांच्या फरकाला उंचीत साडेतीन ते चार टक्के. समुद्रसपाटीपासून १००० मीटर चढ दिसला आणि वाटेतल्या हवेचं सरासरी तापमान २८ अंश होतं, तर खरा चढ १०५० ते १०६० मीटरच्या दरम्यान असतो. गंमत म्हणजे गरम दिवशी दुपारी ही चूक आणि भरती-ओहोटीची चूक एकमेकींना थोडं खातात, आणि यंत्र अचूक असल्याचा भास होतो.

वाराही आकडा हलवतो. सेन्सरचं छिद्र थेट वाऱ्यासमोर असेल आणि वारा सेकंदाला २० मीटरचा असेल, तर दोन हेक्टोपास्कलहून जास्त दाब वाढतो आणि उंची वीस मीटर खाली येते. बाही खाली ओढून पुन्हा बघा. पाणीरोधक फोन घट्ट बंद पिशवीत ठेवू नका, तो पिशवीतल्या हवेचा दाब मोजत बसतो. काही पाणीरोधक फोनमध्ये तर स्क्रीन अंगठ्याने दाबली तरी आकडा उडी मारतो. उंची तासन्‌तास गोठल्यासारखी राहिली किंवा फार मागे रेंगाळली, तर छिद्रात घाम, साबण किंवा सनस्क्रीन बसलेलं असतं. कोमट साध्या पाण्यात भिजवून हलवा आणि वाळू द्या. सुई घालू नका, आतला पडदा फाटतो.

या सगळ्यावर उपाय एकच : उंची ठाऊक असलेल्या प्रत्येक ठिकाणी यंत्र जुळवून घ्यायचं. निघताना, खिंडीत, माथ्यावर, नकाशावर उंची छापलेली असेल तिथे. सावलीत उभे राहा, दोन मिनिटं थांबा, मग ती ठाऊक असलेली उंची यंत्रात टाका. दर दोनतीन तासांनी किंवा ३०० ते ५०० मीटर चढून गेल्यावर हे केलं की वरच्या बहुतेक चुका वाढायच्या आत पुसल्या जातात. जीपीएसवरून जुळवायचं असेल तर उघड्या आकाशाखालीच, कड्याच्या पोटात नाही. आणि ते ॲप समुद्रसपाटीपासूनची उंची देतं की गणिती लंबगोलापासूनची (म्हणजे पृथ्वीचा हिशोबासाठी धरलेल्या गुळगुळीत आकारापासूनची), हे आधी तपासा. दोन्हींमधला फरक हिंदी महासागरात एका ठिकाणी शंभर मीटरच्याही वर जातो.

मुक्कामी पोहोचलात की हेच यंत्र उलटं वापरा. उंची बदलणार नाही हे ठाऊक आहे, तेव्हा आकडा हलला तो हवामानामुळेच. घड्याळाला बॅरोमीटरवर कुलूप लावण्याची, म्हणजे दाबातला प्रत्येक बदल हवामानाचाच धरायला लावण्याची, सोय असेल तर ती वापरा. स्वयंचलित मोडमध्ये काही घड्याळं सावकाश चढालाच हवामान समजतात आणि त्या काळातली उंची नोंदतच नाहीत. कुलूप नसेल तर झोपताना उंची लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी शक्यतो त्याच तासाला पुन्हा पाहा, म्हणजे रोजची भरती-ओहोटी वजा होते. ३००० मीटरवर उंची ४० मीटरने वाढलेली दिसली तर दाब साडेतीन हेक्टोपास्कलने पडला आहे. त्या दिवशी माथ्याकडे निघण्याआधी आकाश नीट पाहा.