आतड्याचं दुखणं आणि पॅप स्मीअर

अल्सरेटिव्ह कोलायटिसला, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याच्या दुखण्याला, नऊ वर्षं झाली, त्यातली सहा अ‍ॅझाथायोप्रिनच्या गोळीवर. तासगावहून मिरजेला जायचं, रक्त द्यायचं, पांढऱ्या पेशी उतरल्या नाहीत ना बघायचं, गोळ्या घेऊन परत. कॅन्सरची भीती होती ती मोठ्या आतड्याची. त्यासाठी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं आतडं बघणं, होतेच. बाकीचं शरीर मी हिशेबात धरलंच नव्हतं.

या खेपेला डॉक्टरबाई नवीन होत्या. फाईल चाळत म्हणाल्या, "ताई, पॅप स्मीअर कधी केली होती?"

पॅप स्मीअर म्हणजे गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी घेऊन कॅन्सरसाठी तपासणं. मला वाटलं, फाईल दुसऱ्याच कुणाची आली.

मग त्यांनी उलगडून सांगितलं. ही गोळी प्रतिकारशक्ती दाबते म्हणून आतडं शांत राहतं. पण एचपीव्ही विषाणूला हुसकणारीही तीच शक्ती. तो गर्भाशयाच्या तोंडाशी वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून राहिला की तिथं कॅन्सर होऊ शकतो. म्हणून अशा औषधांवरच्या बाईनं ही तपासणी दरवर्षी करावी. सहा वर्षांत हे कुणी सांगितलं नाही, याचा राग अजून जात नाही.

पहिल्या तारखेलाच पाळी आली. दुसऱ्यांदा नमुना दिला, तर रिपोर्टवर 'नमुना अपुरा'. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "आगं, पोटाच्या दुखण्याला तिथं काय बघत्यात?" तपासणी दोन मिनिटांची. थोडं अवघडल्यासारखं होतं, एवढंच. रिपोर्ट नॉर्मल आला.

कातडीचं वेगळंच. डॉक्टरबाईंच्या "उन्हात किती असता?" यावर मला हसूच आलं. द्राक्षांच्या विरळणीच्या दिवसांत घरात असतं कोण? या गोळीनं कातडीला ऊन जास्त बाधतं, कातडीच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो. गोऱ्या माणसांपेक्षा आपल्याला तो कमी, पण नाहीच असं नाही. मनगटावरचा तीळ त्यांनी भिंग लावून पाहिला. तीळच निघाला. साडीवर ह्यांचा जुना फुल शर्ट मी आधीपासून घालतेच, आता तोंडाला सनस्क्रीनही लावते. बाया चिडवतात, "लग्नाला निघालीस काय?"

"मग गोळीच बंद करू का?" मी विचारलं.

"मनानं अजिबात नको. आतडं परत पेटलं तर काय कराल?" लिम्फोमाचा, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचा, धोका थोडा वाढतो, पण मुळात तो फार कमी असतो, म्हणाल्या. मानेत, काखेत गाठ आली, ताप हटेना, वजन उतरायला लागलं, तर तारखेची वाट न बघता यायचं.

पुढच्या वर्षीची पॅप स्मीअर ऑक्टोबर छाटणीच्या आधी उरकायची ठरवलीय. एकदा छाटणी लागली की मिरजेला कोण जातंय!