कान उभे राहीपर्यंत

पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत खिल्लार जनावरांचं प्रदर्शन भरतं. तिथं मी फोटो काढतो. बातमीसाठी नाही, मालकांच्या ऑर्डरीचे. गाय वळूकडं भरवायला आणणारा किंवा खोंड घेणारा हल्ली आधी मोबाईलवर फोटो बघतो, मग गाडी काढतो. फोटोत वशिंड झाकलं गेलं की फोन येत नाही, इतका सरळ हिशेब आहे.

त्या सकाळी एका आबांचा वळू होता, खिल्लारातल्या कोसा प्रकारातला. चौसा म्हणजे चार दाती, अंगाला घट्ट, शिंगं मागं झुकून वर गेलेली. नातवाच्या हातात कासरा होता. अशा फोटोला जनावर पूर्ण आडवं लागतं. पुढचे खूर जरा उंचवट्यावर, चारही पाय सुटे दिसायला हवेत, म्हणून पलीकडचे दोन पाय किंचित आत घ्यायचे. मी पंचवीस-तीस फुटांवर गुडघ्यावर बसतो, कॅमेरा बैलाच्या पोटाच्या उंचीला. सूर्य पाठीशी. पांढऱ्या अंगावर ऊन पडलं की कातडीचा पोत उडून जातो, म्हणून उजेड थोडा कमीच धरायचा. मागं लाऊडस्पीकरचा खांब आला तर तो थेट वशिंडातून उगवल्यासारखा दिसतो, तेवढ्यासाठी पुन्हा सगळं चार पावलं सरकवायचं. यात खरा वेळ जातो तो पायांवर. एक पाय नीट केला की बैल दुसरा उचलतो. खिल्लार तापट, त्यात गर्दी. त्याचा धीर किती टिकेल हे त्याचं तोच ठरवतो.

पाय जमले. राहिले कान. कान पुढं आले तरच तोंडावर तेज येतं, नाहीतर बैल आजारी वाटतो. एवढ्यात अण्णा आले. अण्णा म्हणजे आमच्या धंद्यातले जुने, आणि खरं सांगायचं तर माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांवर डोळा असलेले. त्यांनी कॅमेरा पाठीवर फिरवला, खिशातून कॅरीबॅग काढली आणि बैलाच्या समोर लांब जाऊन उभे राहिले. आमच्यात हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण पाळलं जातं: ज्यानं जनावर उभं केलं, फोटो त्याचा. कान उभे करायला जो समोर उभा राहतो तो स्वतः क्लिक करत नाही.

अण्णांनी बॅग कुरकुरवली, कान उभे राहिले, मी क्लिक केलं आणि त्याच क्षणी माझ्या खांद्यामागून शिट्टी आली. एक पोरगा मोबाईल धरून उभा. बैलानं त्याच्याकडं बघावं म्हणून शिट्टी. बैलानं बघितलं, नुसतं बघितलं नाही, अख्खा वळला. नातवाच्या हातातून कासरा सरकला, तळवा सोलून निघाला. आबांनी वेसणीला हात घातला म्हणून पुढचं टळलं.

"अवं, शिट्ट्या काय मारताय? जनावर हाय त्ये!" आबा ओरडले.

पोरगा घाबरला होता, पण गप्प बसेना. "मैदान सगळ्यांचं आहे दादा. फोटो काढायला बंदी आहे का?"

बंदी नव्हतीच. याबाबतीत मी त्याच्या बाजूचा आहे. आमच्यातलेच काहीजण दुसऱ्याच्या लेन्ससमोर हात आडवा करतात, तो शहाणपणा मला पटत नाही. 2021च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली तेव्हापासून प्रत्येक दावणीला एक रील काढणारा आला आहे, आणि त्यांच्यामुळं खिल्लारचं नाव लांबवर जातंय हेही खरं. पण दुसऱ्यानं घाम गाळून उभं केलेलं जनावर फुकटात उचलायचं, वर त्याचं लक्षही आपल्याकडं खेचायचं, यात कसली कला?

वाद तिथंच मिटला असता. पण थोड्या वेळानं आबांना एका व्यापाऱ्याचा फोन आला. आबांचा चेहरा उतरला. "म्हणतोय, मागचा पुठ्ठा बारीक हाय, तोंडच मोठं दिसतंय." पोरानं शिट्टीच्या आधीच एक फोटो घेऊन ऑनलाईन टाकला होता, कोपऱ्यात स्वतःचं नाव, खाली आबांच्या गावाचं. मोबाईलच्या रुंद लेन्सनं तोंडाजवळून काढलेला. अशा फोटोत पुढचा भाग भोपळ्यासारखा फुगतो आणि मागचा आटतो. बैल तोच, पण पारखी माणूससुद्धा त्यावरून फसला.

मी चिडलो होतो. अण्णांनी मात्र पोराला चहाला बोलावलं आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी दाखवले, माझा कॅमेऱ्यातला आणि त्याचा मोबाईलमधला. पोरगा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मी जवळ होतो म्हणून असं झालं?" अण्णा म्हणाले, "जवळ, वर आणि तिरका. आणि मालकाला न विचारता." त्यानं टाकलेला फोटो डिलीट केला. व्यापाऱ्याला आबांनी माझा पाठवला, त्यावर तो "समक्ष बघतो" एवढंच बोलला. पुढं सौदा झाला की नाही ते आबांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ऑर्डरीच्या माणसानं भावात नाक खुपसायचं नसतं.

दुपारी दुसऱ्या एका खोंडाला कानासाठी त्या पोराला उभं केलं. त्यानं बॅग इतक्या जोरात फडफडवली की खोंड मागंच सरला. "आरं, हळू!" शेजारचा मालक म्हणाला, "आधी त्येला बघू दे, मग वाजीव."

निघताना आबांनी छापील फोटो हातात घेतला, उलटसुलट केला आणि विचारलं, "आन् आमचं प्वार कुठाय ह्यात?" अशा फोटोत कासरा धरणारा चौकटीबाहेरच ठेवतात, हे सांगून उपयोग नव्हता. मग नातू, त्याचा पट्टी बांधलेला हात, आबा, दोन सुना आणि मधे बैल, असा फोटो लावला. बैल तिरका, कान पडलेले, मागं स्पीकरचा खांब. तेव्हा माझ्या खांद्यामागून सगळ्यांचे मोबाईल निघाले, पोराचाही, आणि अण्णांनीही आपला कॅमेरा काढला.