मुलुंड ते बीकेसी: नवरा अमेरिकन, संसार मुंबईत, आणि अडलं ते डोमिसाइलवर

अमेरिकेत कायम राहायला जायचा (ग्रीन कार्डाचा) व्हिसा लागलेला पासपोर्ट परवा हातात आला. घरात अर्धी भरलेली खोकी पडली आहेत, पण आधी हे लिहून काढते. नवऱ्याचं डोमिसाइल, म्हणजे कायमचं वास्तव्य, अमेरिकेत असल्याच्या ज्या पुराव्यापायी आमचे सात आठवडे गेले, त्याबद्दल आम्हाला आधी कोणीच सांगितलं नव्हतं. ज्याला पैसे मोजले होते त्यानेही नाही.

नवरा जन्माने अमेरिकन नागरिक. सासू-सासरे न्यू जर्सीला. तो ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) मुंबईत नोकरी करतो आणि २०२१ मध्ये लग्न झाल्यापासून आम्ही मुलुंडला राहतो. सासऱ्यांचं बायपास झालं तेव्हा तिकडे जायचं ठरलं. ओळखीतून एक सल्लागार मिळाला. त्याने छातीठोकपणे सांगितलं, "दोघं इथेच एकत्र राहता ना, मग मुंबईच्या कॉन्सुलेटमध्येच थेट अर्ज घेतात, वर्षभर वाचेल." या एका वाक्याचे त्याने ४५,००० रुपये घेतले.

असं होत नाही. कॉन्सुलेट थेट अर्ज घेतं ते अगदी अपवादात्मक, तातडीच्या प्रसंगी. बाकी सगळ्यांना आय-१३०, म्हणजे नागरिकाने जोडीदारासाठी करायचा अर्ज, यूएससीआयएस या अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडेच करावा लागतो, आणि तो नवरा मुंबईत बसून ऑनलाइन करू शकतो. आम्ही शेवटी तसाच केला, जेवणाच्या टेबलावर, दोन रात्रींत. ऑनलाइन फी ६२५ डॉलर, कागदी अर्जाला ६७५. त्यासाठी मधला माणूस नको. नागरिकाच्या जोडीदाराला व्हिसाच्या वार्षिक कोट्याची रांग नसते, तरीही मंजुरीला आम्हाला तेरा महिने लागले. तेवढे धरूनच चाला. मधल्या काळात "टुरिस्ट व्हिसावर जा आणि तिकडेच राहा" असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. राहायच्या इराद्याने टुरिस्ट म्हणून जाणं म्हणजे खोटं बोलणं, आणि ते अंगावर आलं तर पुढचे दरवाजे बंद होऊ शकतात.

लग्न खरं आहे हे दाखवणं आम्हाला सगळ्यात सोपं गेलं. दोघांच्या नावाचा लीव्ह अँड लायसन्स करार, जॉइंट खातं, गॅसचं पुस्तक, चार दिवाळ्यांचे फोटो. यावर जास्त लिहीत नाही. जन्मदाखला मात्र आजच काढून बघा. महापालिकेच्या जुन्या दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा कोरी असते. माझीही होती. नाव घालून घ्यायला शाळा सोडल्याचा दाखला लागला. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव बदललं असेल तर जुनं नाव, नवं नाव आणि लग्नाचा दाखला ही साखळी कुठे तुटत नाही ना ते तपासा. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं, फी ५०० रुपये.

मंजुरीनंतर फाइल एनव्हीसीकडे (नॅशनल व्हिसा सेंटर) जाते. तिथे ३२५ आणि १२० डॉलर भरायचे, डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरायचा, आणि आय-८६४, म्हणजे नवऱ्याने तुमच्या खर्चाची घेतलेली हमी. इथून खरा चढ सुरू होतो.

मुंबईचा पगार कितीही असो, अमेरिकेला गेल्यावर तो बंद होणार असेल तर धरत नाहीत. दोन माणसांच्या घराला २०२५ च्या तक्त्यात २६,४३७ डॉलर वार्षिक उत्पन्न लागत होतं. नवऱ्याने इथून दर वर्षी अमेरिकन टॅक्स रिटर्न भरले होते (नागरिकाला परदेशात राहूनही ते चुकत नाहीत), पण तिकडचं उत्पन्न शून्य. म्हणून सासरे जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे सोबतचे हमीदार, झाले. सल्लागार म्हणाला, "झालं, आता काही लागत नाही."

मुलाखतीला खिडकीतल्या बाईंनी विचारलं, नवरा कुठे राहतो? मी म्हटलं, मुलुंडला. परत कधी जाणार? माझा व्हिसा झाला की. त्याचा पुरावा? माझ्याकडे काहीच नव्हतं. त्यांनी शांतपणे समजावलं की सासऱ्यांची हमी पैशापुरती आहे. अर्ज करणाऱ्या नवऱ्याचं स्वतःचं डोमिसाइल अमेरिकेत हवं, नाहीतर तुमच्याआधी किंवा तुमच्यासोबत तो तिथे कायमचा राहायला जातोय हे कागदांवर दिसायला हवं. जॉइंट स्पॉन्सरने ही अट सुटत नाही. हातात २२१(जी) ची चिठ्ठी, म्हणजे कागद पुरे होईपर्यंत व्हिसा थांबवल्याची नोटीस, आली आणि मी बाहेर फुटपाथवर येऊन रडले. ज्या एकत्र राहण्याने लग्न खरं ठरलं, त्याच राहण्याने नवऱ्याचं अमेरिकेतलं घर पुसलं होतं.

आम्ही काय जमवलं ते सांगते, तुम्ही मुलाखतीच्या आधीच जमवा. त्याचं अमेरिकेतलं चालू बँक खातं. तिथली मतदार नोंदणी. सासूबाईंचं पत्र, की दोघं आमच्या घरी राहणार, आणि त्यासोबत त्या घराचं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल. तिकडच्या नोकऱ्यांसाठी केलेल्या अर्जांच्या ईमेल. सामान पाठवणाऱ्या कंपनीचं कोटेशन. घरमालकाला दिलेली नोटीस. त्याचं माझ्याआधीचं तिकीट. आणि वर त्याच्या सहीचं एक पानी पत्र, तारखांसकट. व्हिसा हातात नसताना नोकरीची आणि घराची नोटीस द्यायला पोटात गोळा येतो, म्हणून नोटीस सगळ्यात शेवटी द्या. बाकीच्या गोष्टींना धोका नाही, त्या वर्षभर आधीच सुरू करता येतात. नुसतं "जाण्याचा इरादा आहे" असं लिहून भागत नाही.

या उशिराचा दुसरा फटका मेडिकलला. मेडिकल फक्त कॉन्सुलेटच्या यादीतल्या पॅनेल डॉक्टरांकडे होतं: छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी, लसी. व्हिसाची मुदत साधारणपणे मेडिकलच्या तारखेपासून सहा महिने असते, म्हणजे चिठ्ठीत गेलेले सात आठवडे त्यातूनच वजा झाले. घाईने मेडिकल उरकू नका, डोमिसाइलची फाइल तयार झाल्यावरच करा. लसींच्या नोंदी सोबत न्या. माझा लहानपणीचा गोवराच्या लसीचा कागद सापडला नाही, ती लस पुन्हा घेतली आणि बाहेरच्या दवाखान्यापेक्षा दुप्पट पैसे मोजले. कांजिण्या होऊन गेल्या असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा.

आता बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, जिथे कॉन्सुलेट आहे. मुलाखतीच्या आधी बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला वेगळी फेरी असते, ती त्याच दिवशी उरकत नाही. कॉन्सुलेटमध्ये फोन, स्मार्टवॉच, बॅग काही चालत नाही आणि आत ठेवायची सोय नाही. रस्त्यावर एकाने फोन सांभाळायचे ३०० रुपये घेतले, पावती नाही, आणि तीन तास माझा जीव त्या फोनमध्येच अडकला होता. पारदर्शक फोल्डर, पासपोर्ट, थोडी रोकड, एवढंच न्या. फोन सोबतच्या माणसाकडे द्या, नाहीतर घरीच ठेवा.

कुर्ल्याला पश्चिमेला उतरलात की रिक्षावाले गराडा घालतात. मला २०० सांगितले, तेही मीटर बंद ठेवून. किमान भाडं २६ रुपये आहे आणि अंतर चार किलोमीटरच्या आत. तिथून बेस्टची ३१० नंबरची बस बीकेसीतून वांद्रे पूर्वेला जाते, तीच घ्या. पश्चिम उपनगरातल्यांना आरेपासून मेट्रो ३ आहे, बीकेसी स्टेशनवरून पुढे चालायचं. जुलैत माझी पहिली फेरी होती, कागद भिजले. प्लॅस्टिकच्या दोन थरांत ठेवा, आणि मुलुंडहून आठच्या वेळेसाठी सहाच्या आधीची गाडी पकडा. उभ्याने प्रवास झाला तरी चालेल, उशीर चालणार नाही.

लग्नाला दोन वर्षं व्हायला थोडेच दिवस बाकी असतील तर तो दिवस उलटल्यावरच अमेरिकेत पाऊल ठेवा. आत जाताना दोन वर्षं पूर्ण झालेली असली की दहा वर्षांचं ग्रीन कार्ड मिळतं, नाहीतर दोन वर्षांचं, आणि मग मुदत संपायच्या आधीच्या ९० दिवसांत कार्ड पुढे चालू राहावं म्हणून आय-७५१ चा आणखी एक अर्ज. निघायच्या आधी यूएससीआयएसचे २३५ डॉलर ऑनलाइन भरायचे असतात. मी ते काल भरले.

नवरा येत्या रविवारी जातोय, मी १९ दिवसांनी. त्याच्या बोर्डिंग पासचा फोटो आला की प्रिंट काढून हातातल्या फोल्डरमध्ये ठेवणार आहे, अगदी वरच.