हिवाळ्यातली बॅच आणि गॅसचा ब्रूडर : माझा अनुभव

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात धानाची कापणी आटोपल्यावर जी थंडी सुरू होते, ती कोंबडीच्या पिल्लांना फार जड जाते. एक दिवसाच्या ब्रॉयलर पिल्लाला पहिल्या आठवड्यात अंगाजवळ साधारण ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, कारण त्याच्या अंगावर पिसे नसून नुसती लव असते आणि स्वतःच्या शरीराचे तापमान राखण्याची ताकद त्याला अजून आलेली नसते. बाहेर मात्र रात्री पारा दहाच्याही खाली उतरलेला असतो. आम्ही अनेक वर्षे विजेच्या बल्बवर भागवले. रात्री वीज गेल्यामुळे सलग दोन बॅचमध्ये पिल्ले एकावर एक चढून चेंगरून मेली, तेव्हा मी दोन हजार पिल्लांच्या शेडसाठी गॅसवर चालणारे तीन ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या टांगत्या शेगड्या, आणले.

जोडणीत मी घाई केली नाही, याचे मला आजही समाधान आहे. घरचे लाल सिलिंडर शेडवर वापरणे नियमाला धरून नाही, म्हणून १९ किलोच्या निळ्या, व्यावसायिक सिलिंडरची जोडणी घेतली. सिलिंडर शेडच्या बाहेर, सावलीत, सपाट फरशीवर उभे ठेवले. ते आडवे झाले तर वायूऐवजी पातळ गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि ज्योत अचानक भडकते. भिंतीतून आत फिटरकडून लोखंडी पाइप नेला आणि रबरी नळी फक्त शेवटच्या हातभर अंतरापुरती ठेवली. ब्रूडर साखळीने टांगले आणि प्रत्येकाला आधाराची दुसरी साखळी दिली, कारण खाली धानाच्या तुसाची गादी असते आणि पेटता ब्रूडर त्यावर पडला तर शेड वाचत नाही. प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून पाहिले. एका नटाशी मुगाच्या दाण्याएवढा बुडबुडा आला, फुगला, फुटला आणि त्याच जागी पुन्हा आला. वास मात्र अजिबात येत नव्हता. फिटरने तो सांधा उघडून नवीन वॉशर घातल्यावर बुडबुडा थांबला.

एवढे करूनही तिसऱ्या रात्री आम्ही संकटात सापडलो आणि त्याचे कारण गॅसगळती नव्हती. त्या रात्री उत्तरेचा वारा सुटला होता. पिल्लांना झोत लागू नये म्हणून मी जाळीवरचे पोत्यांचे पडदे खालपासून वरपर्यंत बांधून टाकले आणि छपराजवळची फटसुद्धा बारदान कोंबून बुजवली. मध्यरात्रीनंतर माझ्यासोबत जागत असलेला पुतण्या म्हणाला, “काका, डोकं लय दुखून राहिलं बा.” माझेही डोके जड झाले होते, पण ते जागरणाचे असावे असे मला वाटले. पाणी आणायला बाहेर पडलो आणि दहा-पंधरा मिनिटांत हलके वाटू लागले. परत आत आलो, तर थोड्याच वेळात पुन्हा तेच. पिल्लेही एरवीसारखी चिवचिवत नव्हती, माना टाकून बसली होती. तेव्हा मात्र मनात भीती शिरली. पुतण्याला आधी बाहेर काढले, ब्रूडर बंद केले आणि दोन्ही बाजूंचे पडदे वरून सोडले.

सकाळी तालुक्याचे पशुवैद्यकीय डॉक्टर आले. त्यांनी ब्रूडर पेटवायला लावला आणि उकिडवे बसून खालून बर्नरकडे पाहिले. तापल्यावर सगळी जाळी एकसारखी लालभडक व्हायला हवी होती; आमच्या एका ब्रूडरची जवळपास अर्धी जाळी काळी होती आणि कडेने पिवळी ज्योत निघत होती. तुसाची आणि लवेची बारीक धूळ हवेच्या छिद्रांत जाऊन बसली होती, त्यामुळे गॅस नीट जळत नव्हता आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होत होता. या वायूला ना रंग, ना वास. गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला उग्र वास गळतीची सूचना देतो, परंतु हा वायू जळण्यातून जन्मतो, त्यामुळे नाकाला काहीच कळत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डॉक्टर मला म्हणाले, “भाऊ, पडदा खालून बांधा, पण वरचा वीतभर कधीच बुजवू नका.” पिल्लांच्या पाठीवर झोत जात नाही आणि कोंडलेली हवा, विष्ठेच्या अमोनियासकट, वरून निघून जाते.

त्या दिवसापासून वरची वीतभर फट आम्ही थंडी कितीही असली तरी उघडीच ठेवतो. गॅस थोडा जास्त जातो, ते मान्य आहे. कार्बन मोनॉक्साइड ओळखणारे, बॅटरीवर चालणारे यंत्र शेडमध्ये लावले आहे आणि रात्री कोणीही आत झोपत नाही. पाळी असलेला माणूस बाहेरच्या खोलीत बसून तासातासाने फेरी मारतो. ब्रूडर थंड झाल्यावर बर्नरची धूळ मऊ ब्रशने रोज झाडतो. उष्णतेचा अंदाज थर्मामीटरइतकाच पिल्लांवरून येतो : ती ब्रूडरखाली गोळा झाली तर थंडी, चोच उघडून कडेला पळाली तर उष्णता जास्त, आणि सगळीकडे सारखी पसरली तर ठीक.

पहाटेची एक अडचण मात्र नवीन होती. सिलिंडरच्या खालच्या भागावर पांढरे दव गोठायचे आणि ज्योत मंदावायची. आमचा गडी सिलिंडर गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवायला निघाला होता, त्याला मी थांबवले. सिलिंडरमधला पातळ गॅस वायू होताना स्वतःचीच उष्णता ओढून घेतो. एकाच सिलिंडरवर तीन ब्रूडर चालले की तो गारठतो. शिवाय आपल्या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन एकत्र असतात. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, पण ब्युटेन शून्याच्या जवळपास, म्हणून थंडीत शेवटी उरलेला गॅस जोर धरत नाही. फिटरकडून दोन सिलिंडर एकत्र जोडून घेतले आणि ही अडचण संपली.

पिल्लांना पिसे फुटल्यावर ब्रूडर उतरवतो, नळीला कुठे चीर पडली आहे का ते वाकवून पाहतो आणि बर्नरचे तोंड कापडाने बांधून ठेवतो. कारण उन्हाळ्यात कुंभारीण माशी बर्नरच्या तोंडात मातीचे घर करते आणि हवेची वाट पुन्हा बुजते.