युरिया नाही, जस्त कमी होतं

आमची संत्र्याची बाग नागपूर जिल्ह्यात, काटोलकडे. जमीन काळी, खाली चुनखडी. बहार आंबिया, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा. नव्या फुटीची पानं बारीक निघू लागली, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. ज्याला विचारावं तो म्हणे, "युरिया कमी पडला बा." मला ते पटेना. युरियातून मिळतं ते नत्र कमी असलं तर आधी जुनी पानं पिवळी पडतात, तीही सबंध. आमची जुनी पानं तर हिरवीगार होती.

म्हणून मातीसोबत पानंही तपासायला दिली. फळ नसलेल्या फांद्यांची, पाच-सात महिन्यांची, झाडाच्या चारही बाजूंची. नुकतीच फवारणी झालेल्या झाडाचं पान मुळीच घेऊ नये, आकडा खोटा येतो. अहवालात मातीचा सामू (पीएच) 8.2, जस्त आणि लोह कमी. सामू एवढा चढला की जस्त मातीत असूनही मुळांना मिळत नाही, आणि स्फुरद जास्त झालं की आणखी अडतं. आमच्याकडे तर डीएपीची, म्हणजे स्फुरदाच्या खताची, पोती वडिलांच्या काळापासून सैल हातानं पडत आलेली.

मग खत हप्त्यांनी दिलं. फुलासाठी बागेचं पाणी बंद ठेवतात तो ताण जानेवारीत तोडताना स्फुरद आणि नत्राचा पहिला हप्ता, फळ वाटाण्याएवढं झाल्यावर दुसरा, उरलेला पावसाळ्यात वाफसा, म्हणजे माती ओली पण चिखल नाही, असं बघून. पालाशचा मोठा वाटा फळ भरताना. सगळं झाडाच्या घेराच्या कडेला, कारण अन्न ओढणारी बारीक मुळं तिथे असतात. ऑगस्टनंतर युरिया बंद. उशिराच्या नत्रानं साल जाड होते, रंगही रेंगाळतो.

जस्त फवारणीतून. 100 लिटर पाण्यात 500 ग्रॅम झिंक सल्फेट आणि 250 ग्रॅम चुना, नवती कोवळी असतानाच. चुन्याशिवाय कोवळं पान करपतं. चुना भिजवून, फडक्यातून गाळून घ्यायचा, नाहीतर अर्धा दिवस नोझल साफ करण्यात जातो. पिवळी पडलेली पानं बघत बसू नये, पुढची फूट बघावी. आमची पुढची फूट रुंद पानांची आली.

बांधाकडच्या सखल ओळीत मात्र काही फरक नाही. तिथे पाणी साचतं. शेजारचे काका ओळ बघून म्हणाले, "त्यायले खत नको, आधी चर काढ." चर काढलाय. त्या ओळीचं आता पुढच्या आंबियाला बघू.