प्रत्येकाचा एक देवदूत

प्रत्येक माणसाची राखण करायला देवाने एक दूत नेमलेला असतो असे आम्ही कॅथलिक मानतो; या राखणदार देवदूतांचा सण २ ऑक्टोबरला येतो आणि त्या दिवशी गांधी जयंतीची सुटी असल्यामुळे आमच्यासारख्या नोकरदारांना सकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेला, जाण्यासाठी रजेचा अर्ज करावा लागत नाही. पोप पाचवे पॉल यांनी १६०८ साली या सणाला मान्यता दिली आणि १६७० साली पोप दहावे क्लेमेंट यांनी तो याच तारखेला संपूर्ण ख्रिस्तसभेसाठी लावून दिला. २०२५ साली विजयादशमीही नेमकी त्याच दिवशी आली. त्यामुळे सकाळी बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायाचे वाचन ऐकले आणि संध्याकाळी शाही दसऱ्याच्या सोहळ्यासाठी कोल्हापूरच्या दसरा चौकात लोटलेल्या गर्दीत मी घरच्यांसह उभी होते. या लहानांपैकी एकालाही तुच्छ लेखू नका, कारण त्यांचे दूत स्वर्गात माझ्या पित्याचे मुख सदैव पाहत असतात, असे येशू त्या अध्यायात सांगतो. त्या गर्दीत हे वचन मला जरा वेगळेच ऐकू येत राहिले.

लहानपणी आमच्या डोक्यात असे बसले होते की देवदूत बाप्तिस्म्याबरोबर मिळतो, म्हणजे तो फक्त आपल्या लोकांना असतो. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांचे मत तसे नाही. बाप्तिस्म्याने मिळणारी वरदाने ख्रिस्ती माणसासाठी असतात; परंतु देवदूताची राखण माणसाला माणूस म्हणून, त्याच्या बुद्धिमान स्वभावामुळे मिळते आणि म्हणून ती जन्मापासूनच सुरू होते, असे ते म्हणतात. संत जेरोम यांनी त्याही आधी मत्तयाच्या याच वचनावर भाष्य करताना, जन्मापासून एक दूत राखणीला नेमला जावा इतकी आत्म्याची थोरवी मोठी आहे, असे लिहिले होते. ज्या शहरात कॅथलिक मोजकेच आहेत, त्या शहरात राहणाऱ्या माणसाला हा विचार फार उपयोगी पडतो. सोने देण्यासाठी हात पुढे करणारा अनोळखी माणूस, पोलिसांच्या दोरीला रेलून उभी असलेली म्हातारी, कडेवर झोपलेले पोर, यांतील प्रत्येकाबरोबर देवाने कोणीतरी पाठवलेले आहे, असे मानून त्यांच्याकडे पाहायचे असते. मला ते नेहमी जमते असा माझा दावा नाही.

माझे सासर प्रोटेस्टंट आहे. अमेरिकन मिशनऱ्यांचे काम कोल्हापुरात १८५२ सालापासून सुरू झाले आणि आमच्या घराण्याची उपासना त्याच परंपरेतील. सासूबाई अधूनमधून विचारतात, "आम्ही थेट येशूकडे मागतो, मग मध्ये हा दूत कशाला?" प्रश्न रास्त आहे. आम्ही कॅथलिक देवदूताची आराधना करीत नाही. तोही आपल्यासारखाच निर्माण केलेला जीव आहे. लहान मुलांना शिकवतात त्या प्रार्थनेतही आधी हेच कबूल केलेले असते की देवाच्या प्रेमाने मला तुझ्या स्वाधीन केले आहे, आणि मग मला प्रकाश दे, माझे रक्षण कर, मला मार्ग दाखव आणि मला चालव, एवढेच मागितलेले असते. सासूबाईंचे समाधान झालेले नाही, पण नातवाने ही प्रार्थना म्हटली की त्याही 'आमेन' म्हणतात.

या भक्तीत गडबड होते ती दुसरीकडे. काही जण देवदूताला नाव ठेवतात आणि हरवलेल्या किल्लीपासून बदलीच्या ऑर्डरपर्यंत सगळी कामे त्याच्यावर सोपवतात. लोकभक्तीविषयीच्या व्हॅटिकनच्या २००१ सालच्या मार्गदर्शिकेत मिखाएल, गॅब्रिएल आणि राफाएल ही धर्मग्रंथातील तीन नावे सोडून देवदूतांना अन्य नावे देऊ नयेत असे स्पष्ट म्हटले आहे, आणि मला ते पटते. नाव ठेवले की तो आपला होतो आणि आपला झाला की हाताखालचा होतो. बाराव्या शतकातील संत बर्नार्ड यांनी बायबलमधील एक्याण्णवाव्या स्तोत्रावर प्रवचन करताना उलट दिशेने सुरुवात केली. देवदूत सोबत आहे म्हणून त्याचा आदर करावा, तो हितचिंतक आहे म्हणून त्याच्यावर भक्ती असावी आणि तो राखण करतो म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवावा, असा त्यांचा क्रम आहे. आदर सर्वांत आधी. जी गोष्ट माझ्यासमोर करण्याचे धाडस तू करणार नाहीस, ती त्याच्यासमोरही करू नकोस, असे ते ऐकणाऱ्यांना बजावतात. मोबाइल घेऊन एकटे बसण्याच्या आजच्या काळात हे बजावणे मला तरी जुने वाटत नाही.

आणखी एक बारकावा अक्वायनस यांच्याच लिखाणात आहे. अंतःकरणातील गुपित विचार केवळ देव जाणतो, ते देवदूताला आपोआप कळत नाहीत. म्हणून त्याच्याशी बोलावे लागते, आणि बोलणे चालू राहिले तरच नाते राहते. मी रात्री प्रार्थनेच्या शेवटी दिवसभरातील एखादी गोष्ट त्याला सांगते. त्यात विशेष असे काही नसते.

पोप तेविसावे जॉन सांगत असत की पोप अकरावे पायस यांनी आपली एक सवय त्यांना सांगितली होती: एखाद्या अवघड माणसाची भेट असली की ते आपल्या देवदूताला त्या माणसाच्या देवदूताशी आधी बोलून ठेवण्याची विनंती करीत. मी शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत हिशेब पाहते आणि थकलेल्या बिलांसाठी गिऱ्हाइकांना फोन करणे हे माझेच काम आहे. ही सवय मी उचलली आहे. पैसे त्यामुळे लवकर येतात असे मुळीच नाही. पुढच्या सोमवारचा वायदा मिळतो तो मिळतोच. पण फोन लावण्यापूर्वी समोरच्याच्या देवदूताची आठवण काढली की निदान माझा आवाज चढत नाही, आणि मालकांनी त्याचे कारण अजून विचारलेले नाही.